वरून उडी मारणाऱ्यानं आधी ओरडायचं

जलतरण स्पर्धांत मी आजवर जितकी भांडणं पाहिली, त्यातलं एकही शर्यतीत झालेलं नाही. शर्यतीत भांडणार तरी कुणाशी? अडीच मीटर रुंदीची लेन तुमच्या एकट्याच्या नावावर, दोन्ही बाजूंना दोऱ्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. राडा होतो तो त्याआधीच्या पन्नास मिनिटांत. वॉर्म-अपला.

गेली तीन वर्षं मी आमच्याकडच्या स्पर्धांत वॉर्म-अपचा मार्शल असतो. पोपटी जाकीट, गळ्यात शिट्टी, मानधन शून्य. चहाची किटली येते तेव्हा मी नेमका पलीकडच्या टोकाला असतो. बायको याला फुकटची हवालदारकी म्हणते. पोरं ‘शिट्टीकाका’ म्हणतात, तेही तोंडावर.

हे काम कशासाठी लागतं ते कळायला एक भागाकार पुरेल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वॉर्म-अपला वेगळा तलाव नसतो. ज्या टँकमध्ये नऊ वाजता हीट, म्हणजे प्राथमिक शर्यती, सुरू होणार, त्यातच आठ ते आठ-पन्नास सगळ्यांनी अंग मोकळं करून घ्यायचं. ५० मीटरचा टँक, आठ लेन. कडेच्या दोन पेससाठी (ठरल्या वेगानं पोहायला) आणि त्यांच्या शेजारच्या दोन डाइव्ह-स्प्रिंटसाठी (उडी मारून जोरात पोहायला) काढल्या की उरल्या चार. मागच्या वेळी नोंदणी २८० ची होती. एका वेळी त्यातली दीडशे पोरं पाण्यात आहेत असं धरा. एका लेनमध्ये सदतीस-अडतीस. जाऊन-येऊन १०० मीटरची फेरी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अडीच-पावणेतीन मीटर. हात पुढे ताणलेला मोठा माणूस स्वतःच सव्वादोन मीटर भरतो. दोघांच्या मध्ये उरल्या जेमतेम दोन विती. आणि त्यात कुणी फ्री (फ्रीस्टाइल) मारतंय, कुणी ब्रेस्ट (ब्रेस्टस्ट्रोक), एखादा महाभाग भर गर्दीत पूर्ण फ्लाय (बटरफ्लाय).

पण मार्शल मी हौसेनं झालेलो नाही. ते कारण आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं शहाणपण शिकवल्यासारखं वाटेल.

चार वर्षांपूर्वीची मास्टर्सची, म्हणजे प्रौढांची स्पर्धा. वय ४७, वजन ८४ किलो, शर्यत ५० मीटर फ्री. ५० फ्रीमध्ये सगळा खेळ स्टार्टचा, असं मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं. उडी मारायचे, मागच्या पायाला तिरका टेकू असलेले नवे ठोकळे त्या टँकवर बसवलेले. आमच्या रोजच्या टँकवर ते नाहीत. म्हणजे शर्यतीआधी निदान दोन डाइव्ह मारून बघायलाच हव्या होत्या. स्प्रिंटच्या लेनपाशी गेलो तर पंधरा जणांची रांग. मार्शल एकच, त्यालाही नारळ फोडताना फोटोत उभं राहायला बोलावून नेलेलं. लेन चारच्या ठोकळ्यासमोर मात्र पाणी मोकळं दिसत होतं.

मी बघितलं होतं, हे मला आजही सांगावंसं वाटतं. खरंच बघितलं होतं. समोर आठ-दहा मीटर कुणी नव्हतं. मग ठोकळ्यावर चढलो, मागचा पाय टेकूवर नीट बसवला, वाकलो, ठोकळ्याची कड पकडली. वाकलं की मान खाली जाते. दिसतात ती फक्त स्वतःच्या पायाची बोटं. गॉगल काळ्या काचेचा. मनातल्या मनात ‘टेक युवर मार्क्स’ म्हटलं, एक श्वास घेतला. या सगळ्याला चार-पाच सेकंद तरी गेले असतील. पाठीवर निवांत पोहणारा माणूससुद्धा तेवढ्यात चार-पाच मीटर पुढे येतो. त्याला मी दिसणार नाही, कारण त्याचे डोळे छताकडे. मला तो दिसणार नाही, कारण माझे डोळे माझ्या अंगठ्याकडे.

हवेत गेल्यावर पांढरी टोपी दिसली. हवेत असताना काहीही करता येत नाही. तो अर्धा सेकंद मला अजून आठवतो.

माझी करंगळी त्यांच्या खांद्यावर आपटून मोडली. त्यांच्या गॉगलची कड भुवईत घुसली आणि चार टाके पडले. डोळा वाचला तो बोटभर अंतरानं. पाण्यात रक्त आधी दोऱ्यासारखं दिसतं, मग फिकट गुलाबी धूर होतो. त्यांना काठावर घेतलं, कुणीतरी टॉवेल दाबून धरला, आणि मी शेजारी ओल्या अंगानं ‘सॉरी, सॉरी’ करत बसलो.

त्या सांगलीच्या. तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या, शाळेतून निवृत्त, १०० बॅक आणि २०० बॅक, म्हणजे पाठीवरच्या शर्यती, पोहायला आलेल्या. दोन्ही शर्यती बुडाल्या. डॉक्टर यायला वेळ लागला, तेवढ्यात टॉवेलाखालून एकाच डोळ्यानं माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, “कुठं शिकलात पोहायला?”

“गावाकडं, ताई. विहिरीत. करवीर तालुका.”

“मी पण विहिरीतच,” त्या म्हणाल्या. “मग तुमच्या विहिरीवर वरनं ओरडायची पद्धत नव्हती का हो?”

रागावून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ही मात्र साधी चौकशी होती.

पद्धत होती की! चुलत्यांच्या मळ्यातली ती विहीर. मे महिन्यात दुपारी वीस-पंचवीस पोरं एका वेळी. नवशिक्यांच्या पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर कमरेला पांगाऱ्याचा बिंडा. ती पोरं पायऱ्यांच्या बाजूलाच खेळायची. मोटेच्या थारोळ्यावरून मुटका मारायचा तो फक्त खोल बाजूला, आणि मारण्याआधी बोंबलायचं : “सरका रं!” खालून “या!” असा आवाज आल्याशिवाय पाय उचलायचा नाही. एकदा माझ्या मोठ्या भावानं ‘या’ ऐकण्याआधी सूर मारला, तर चुलत्यांनी त्याला आठवडाभर विहिरीवर फिरकू दिलं नाही. वर बसवून बैलांची राखण करायला लावली. नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण आमच्या विहिरीत एकाचंही डोकं फुटलेलं मला आठवत नाही.

मग टँकवर ही अक्कल कुठे जाते? मी यावर बराच विचार केला. टाके पडलेल्या भुवईनं करायला लावला म्हणा. विहिरीत सगळ्यांची डोकी पाण्याच्या वर असतात. कुत्र्यासारखं पोहणारी पोरं, त्यांना ऐकू येतं. टँकमध्ये तोंड पाण्यात, कानांवर सिलिकॉनची टोपी, वर भोंग्यावर निवेदक ‘अमुक क्रीडाप्रेमी साहेबांचं’ स्वागत करतोय. ओरडलात तरी ऐकणार कोण? म्हणून तिथे आरोळी आधीच देऊन ठेवावी लागते. या लेनमध्ये वरून उड्या पडतात आणि या लेनमध्ये कधीही पडत नाहीत, हे सकाळीच ठरलेलं असतं ते त्यासाठी. लेन चारमध्ये पाठीवर येणाऱ्या बाईंनी त्या शब्दावर भरवसा ठेवला होता. मी तो मोडला.

तेव्हा माझा पहिला आणि जवळजवळ एकमेव हट्ट : स्प्रिंटची लेन सोडून कुठेही पाण्यात शिरायचं ते पाय आधी. काठावर बसायचं, एक हात काठावर टेकलेला, आजूबाजूला बघायचं, आणि सरकत उतरायचं. पोरांना मी सांगतो, म्हैस डबक्यात शिरते तसं. म्हैस कधी सूर मारताना बघितलीस? पोरं खिदळतात, पण लक्षात ठेवतात. मागे एका आईनं मात्र तक्रार केली की काकांनी माझ्या मुलीला म्हैस म्हटलं.

स्प्रिंटच्या लेनचं तंत्र वेगळं. तिथे एकाच दिशेनं जायचं. ठोकळ्यावरून उडी, पलीकडच्या टोकापर्यंत पोहणं, बाहेर निघून काठावरून चालत परत. मध्येच २५ मीटरवर थांबून मागे वळणारा पोरगा म्हणजे एकेरी रस्त्यात उलटी घातलेली स्कूटर. पुढच्यानं कधी सुटायचं यावर कोच मंडळींची मतं वेगवेगळी. माझं साधं आहे : आधीच्याचं डोकं १५ मीटरच्या खुणेपुढे गेलं पाहिजे. दोरीवर तिथं वेगळ्या रंगाचा मणी असतोच, मोजायला काही लागत नाही. आणि ठोकळ्यापाशी कोचनं स्वतः उभं राहायचं. गॅलरीतून “गो!” ओरडणाऱ्या कोचची मला भीती वाटते. त्याला घड्याळ दिसतं, पाणी दिसत नाही.

उथळ बाजूकडून डाइव्ह अजिबात नाही. नियमाप्रमाणे ठोकळा आहे तिथे भिंतीपासून १ ते ६ मीटरच्या पट्ट्यात निदान १.३५ मीटर पाणी हवं. आपल्याकडच्या कित्येक जुन्या तलावांत उथळ बाजूला उभं राहिलं की पाणी पोटाला लागतं. तिथे काठावरून सूर मारणाऱ्या पोराला मी शिट्टी वाजवत नाही, सरळ दंड धरून मागे ओढतो. मानेचा मणका ही शिट्टीनं सुटायची गोष्ट नाही.

बाकी लेनमध्ये उजवीकडून जायचं, उजवीकडून यायचं. ऐकायला सोपं आहे. पण आपलं पोर जन्मापासून रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतं. नवीन पोर घाबरलं की हमखास डावीकडे सरकतं आणि समोरून येणाऱ्याच्या टाळक्यावर टाळकं. इंग्लंडमध्ये माझ्या भाचीच्या क्लबात शेजारशेजारच्या लेन उलटसुलट फिरतात, एक घड्याळाच्या दिशेनं, पुढची उलट. त्यामुळे दोरीच्या अल्याड-पल्याडचे दोघं एकाच दिशेनं जात असतात आणि हातावर हात आपटत नाहीत. कल्पना मला पटली. इथे सांगून पाहिली. आयोजक म्हणाले, “काका, आधी एक दिशा तर पाळू दे.” बरोबर होतं त्यांचं.

सगळ्यात जास्त कोंडी होते ती भिंतीपाशी. पोरं पोहत येतात आणि टी-च्या (इंग्रजी T सारख्या) खुणेवर बरोबर मधोमध लटकतात. गॉगल काढ, गॉगल घाल, मैत्रिणीशी गप्पा. मागून येणाऱ्याला फ्लिप मारायला, म्हणजे कोलांटी घेऊन वळायला, जागाच नाही. थांबायचं असेल तर कोपऱ्यात दोरीला चिकटून थांबायचं. दोरीवर मात्र बसायचं नाही. ती झोपाळा नाही, आतली तार तुटते.

मागच्या स्पर्धेत एक नऊ-दहा वर्षांची मुलगी अशीच मधोमध अडकली. पहिलीच स्पर्धा असावी. गॉगलमध्ये पाणी भरलेलं, दोन्ही हात भिंतीला, आणि दर तीन सेकंदांनी कुणीतरी तिच्या पाठीवर येऊन आपटतंय. रडत होती, पण पाण्यात रडणं कुणाला दिसणार? खांदे हलत होते त्यावरून मला कळलं. मी पालथा पडून हात खाली घातला आणि म्हटलं, “बाळा, हात दे.” तिनं भिंत सोडायला नकार दिला. मग तिच्या शेजारून वळायला आलेल्या एका मोठ्या मुलाला थांबवलं. सोळा-सतराचा, अंगापिंडानं चांगला भरलेला. म्हटलं, दोन मिनिटं हिच्या मागे उभा राहा. तो पोरगा पाय मारत तिच्या पाठीशी भिंतीसारखा राहिला. येणारे त्याच्यावर आपटले, तो काही बोलला नाही. तिनं एकेक हात सरकवत कोपरा गाठला, गॉगलमधलं पाणी ओतलं आणि वर बघून मला विचारलं, “काका, आता परत जायचं का?” त्या पोराला नंतर शोधलं, पण टोपी काढल्यावर सगळी पोरं सारखीच दिसतात.

बॅकस्ट्रोकवाल्यांबद्दल मी आता पक्षपाती आहे, हे कबूल. भिंतीच्या ५ मीटर अलीकडे वर पताकांची दोरी असते ती त्यांच्यासाठी. पताका दिसल्या की हात मोजायचे आणि वळायचं. वॉर्म-अपच्या वेळी त्या लावल्याच नाहीत तर ते बिचारे अंदाजानं डोकं आपटतात. त्यामुळे पहाटे पोचल्यावर मी आधी पताका बघतो, मग चहा. आणि गर्दीत बॅक मारताना दर चार हातांनी मान वळवून बघण्यात कमीपणा नाही. शैली थोडी बिघडेल. बिघडू दे, ती नऊनंतर सुधारा.

ब्रेस्टची लाथ ज्यानं बरगडीत खाल्ली आहे त्याला वेगळं सांगायला नको. लेनचा अर्धा भाग सव्वा मीटरचा, आणि मोठ्या माणसाची ब्रेस्टची किक मीटरभर पसरते. फ्लायवाल्यांनी एका हाताची फ्लाय मारावी. हाताची पॅडल तर मी उतरतानाच काढून घेतो. टणक प्लास्टिकची ती पाटी वेगात तोंडावर बसली की दात हलतो. एकदा एका मास्टर्सवाल्या गृहस्थांनी माझ्याशी त्यावरून वाद घातला, “मी वीस वर्षं पॅडल लावून वॉर्म-अप करतोय.” असतील करत, एकट्यानं.

ओव्हरटेकचं मात्र मला स्वतःलाही नीट जमत नाही. रीत अशी की मागच्यानं पुढच्याच्या तळव्याला हलकेच बोट लावायचं, आणि पुढच्यानं भिंतीपाशी कोपऱ्यात सरकून वाट द्यायची. पण पन्नाशीत दहावीतल्या पोरीनं तळव्याला बोट लावलं की अभिमान कुठेतरी दुखतोच. मी वाट देतो. पण मनातून देतो असं नाही.

गर्दीत धक्का लागणारच. पुढे काय करायचं हा खरा प्रश्न. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सरावाच्या वेळी दक्षिण कोरिया आणि चीनच्या दोन मुली पाण्यात एकमेकींना लागल्या, आणि नंतर मुद्दाम लाथा मारल्याची तक्रार कोरियाच्या पथकानं केली. त्याच स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ५० फ्रीचं कांस्य ०.०१ सेकंदानं हुकलं होतं. एवढं बारीक गणित डोक्यात घेऊन माणसं पाण्यात उतरतात, तेव्हा डोकं फिरणं मला समजतं. लाथ समजत नाही. आमच्याकडे असं झालं की मी दोघांनाही बाहेर काढतो, टॉवेल गुंडाळून बाकावर शेजारीशेजारी बसवतो. चूक कुणाची ते विचारतच नाही. पाचव्या मिनिटाला दोघं मिळून मला शिव्या देत असतात. काम झालं.

पालकांबद्दल लिहायला बसलो तर हा लेख संपणार नाही. एवढंच की डेकवर, म्हणजे तलावाच्या काठावर, चप्पल घालून, हातात बदामाचा डबा घेऊन पळू नका. ओल्या फरशीवर यंदा पडलेले तिघंही पालक होते.

तर परवाची गोष्ट. आठ-चाळीस झालेले, वॉर्म-अपची शेवटची दहा मिनिटं. लेन पाचच्या ठोकळ्यावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा चढला. नवा रेसिंग सूट, काळा गॉगल, मागचा पाय टेकूवर. त्याला बघून माझ्या करंगळीत कळ आली. ती अजून नीट वाकत नाही. मी शिट्टी वाजवली नाही, दचकून तोच पडला असता. जवळ जाऊन ठोकळ्यावर हात ठेवला.

“काका, एकच! फक्त एकच. समोर कुणी नाहीये, बघा ना.”

“तू वाकलास की बघणार कोण?”

“तुम्ही बघा.”

हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं. खरं तर बरोबरच होतं. पण लेन पाच ती लेन पाच. “सातमध्ये जा,” मी म्हटलं, “तिथं मी बघतो.” तो कुरकुरत उतरला. सातच्या रांगेत त्याच्या पुढे सहाजण होते. मी खरंच तिथे जाऊन उभा राहिलो, पुढच्या पोराचं डोकं खुणेपलीकडे गेल्यावर त्याला हात दाखवला. उडी बरी होती. गुडघे जरा दुमडत होते.

परत फिरलो तर लेन चारपाशी सांगलीच्या ताई उभ्या. पांढरीच टोपी. भुवईत बारीक रेघ राहिली आहे, जवळून बघितली तरच दिसते. गेल्या दोन स्पर्धांना त्या आल्या नव्हत्या, गुडघ्याचं काहीतरी झालं होतं. आता यंदा पुन्हा १०० बॅक.

माझं पोपटी जाकीट त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

“आज तुमची काही उडी वगैरे आहे का इथं?”

“नाही, ताई.”

“नक्की ना?”

“नक्की.”

“मग उतरते,” त्या म्हणाल्या. काठावर बसल्या, एक हात टेकला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, एकदा मागे ठोकळ्याकडेही बघितलं आणि पाण्यात सरकल्या.